किरणोपचारातील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ

क्ष-किरण, गॅमा किरण, वेगवान इलेक्ट्रॉन आणि किरणोत्सारी द्रव्ये यांचा निदानासाठी किंवा उपचारासाठी वापर होतो तेव्हा मात्रेचे, म्हणजे शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या प्रमाणाचे, मापन, उपचाराचे गणित, यंत्रांची तपासणी आणि किरणोत्सर्गापासूनचे संरक्षण ही कामे पाहणाऱ्या तज्ज्ञाला वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ म्हणतात; रुग्णालयात त्याची ओळख नुसती ‘फिजिसिस्ट’ अशी असते. तो डॉक्टर नसतो आणि यंत्र चालवणारा तंत्रज्ञही नसतो. रुग्ण ज्याला ‘शेक घेणे’ किंवा ‘लाईट घेणे’ म्हणतात त्या किरणोपचारात मात्रा किती आणि कोठे द्यायची हे किरणोपचारतज्ज्ञ डॉक्टर ठरवतो, तंत्रज्ञ ती देतो आणि कागदावर लिहिलेला आकडा शरीरात तेवढाच उतरतो की नाही, याचा जाब भौतिकतज्ज्ञाला द्यावा लागतो. रुग्णाशी त्याची गाठ क्वचितच पडत असल्याने महिना-दीड महिना उपचार घेऊन घरी गेलेल्या अनेकांना असा कोणी होता हेच ठाऊक नसते.

राँटगेन यांनी 1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यानंतर काही महिन्यांतच डॉक्टरांनी ते उपचारासाठी वापरायला सुरुवात केली, पण मात्रा मोजण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते. त्वचा किती लाल झाली यावरून अंदाज बांधला जाई. क्ष-किरण मोजण्याचे ‘राँटगेन’ हे एकक 1928 मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारले गेले. आज वापरात असलेले ‘ग्रे’ हे शोषित मात्रेचे एकक, म्हणजे एक किलोग्रॅम पदार्थात शोषली गेलेली एक जूल ऊर्जा, 1975 मध्ये रूढ झाले आणि त्याला लुई हॅरल्ड ग्रे या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाचे नाव देण्यात आले. भारतात या विषयाची सुरुवात मुंबईत 1941 साली उघडलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाशी आणि रामय्या नायडू यांच्या नावाशी जोडलेली आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने 1962 मध्ये रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. देशातील रुग्णालयांत काम केलेल्या भौतिकतज्ज्ञांच्या अनेक पिढ्या याच अभ्यासक्रमातून घडल्या. त्यांची अखिल भारतीय संघटना 1976 मध्ये स्थापन झाली.

कामाचा गाभा मापन हा आहे. किरणोपचारात अर्बुदाला (कर्करोगाच्या गाठीला) मिळणारी मात्रा ठरवलेल्या मात्रेच्या पाच टक्क्यांच्या आत असावी, असा सर्वसाधारण दंडक आहे, कारण मात्रा कमी पडली तर रोग उलटतो आणि जास्त झाली तर शेजारच्या निरोगी पेशी कायमच्या दुखावतात. यासाठी भौतिकतज्ज्ञ पाण्याने भरलेल्या टाकीत ठरावीक खोलीवर, बहुधा दहा सेंटिमीटरवर, आयनन कक्ष हे बोटाएवढे, किरणांमुळे आतल्या हवेत निर्माण होणारा विद्युतभार मोजणारे साधन ठेवून यंत्राची मात्रा मोजतो. कक्षातील हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली असल्याने तिची घनता तापमान आणि दाबाप्रमाणे बदलते व त्यासाठी प्रत्येक वाचनात दुरुस्ती करावी लागते. ही दुरुस्ती किरकोळ नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर असल्याने तेथील हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सहा टक्क्यांनी कमी असतो; दुरुस्ती विसरल्यास यंत्र कमी मात्रा देत आहे असे वाटेल आणि कोणी ती ‘भरून काढली’, तर पाच टक्क्यांची सगळी मुभा एका फटक्यात ओलांडली जाईल. कक्षाचे स्वतःचे अंशांकनही, म्हणजे प्रमाण साधनाशी ताडून केलेली आकड्यांची निश्चितीही, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून वेळोवेळी करून घ्यावे लागते.

या कामातील चूक शस्त्रक्रियेतील चुकीपेक्षा वेगळ्या जातीची असते. शस्त्रक्रियेतली चूक एका रुग्णापुरती राहते, तर अंशांकनातली चूक त्या यंत्रावर झोपणाऱ्या प्रत्येक रुग्णाला भोगावी लागते आणि यंत्र वरकरणी सुरळीत चालत असल्याने ती महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. काही उपचारयंत्रांत किरणांचा स्रोत असलेल्या कोबाल्ट-60चा अर्धायुकाल, म्हणजे तीव्रता निम्मी होण्याचा काळ, 5.27 वर्षे असल्याने त्याच्या स्रोताची तीव्रता दरमहा सुमारे एक टक्का घटते व उपचाराचा वेळ तेवढा वाढवत न्यावा लागतो. अमेरिकेतील ओहायो राज्यात 1974 ते 1976 या काळात एका रुग्णालयात ही घट प्रत्यक्ष न मोजता आलेखावरून सरळ रेषेत धरली गेली. खरी घट वक्ररेषेने होते, म्हणजे हळूहळू मंदावत जाते. त्यामुळे स्रोत वास्तवाहून क्षीण समजला गेला आणि चारशेहून अधिक रुग्णांना जास्त मात्रा मिळाली. इंग्लंडमधील एक्सेटर येथे 1988 मध्ये नवा कोबाल्ट स्रोत बसवताना अंशांकन चुकले आणि दोनशेहून अधिक रुग्णांना सुमारे पंचवीस टक्के जादा मात्रा गेली. स्टोक-ऑन-ट्रेंट येथे उलटे घडले. नव्या संगणकप्रणालीत स्रोत आणि रुग्ण यांच्यातील अंतराची दुरुस्ती आधीच अंतर्भूत असताना ती हाताने पुन्हा केली जात होती. 1982 ते 1991 या काळात सुमारे हजार रुग्णांना कमी मात्रा मिळाली. जादा मात्रेचे व्रण दिसतात. कमी मात्रेचे परिणाम मात्र ‘रोगच बळावला’ या समजुतीत दडून राहतात, म्हणून ती चूक अधिक फसवी म्हटली पाहिजे. अशा चुका टिपण्यासाठी बाहेरच्या कोणीतरी स्वतंत्रपणे मोजणे हाच खात्रीचा उपाय ठरला आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांची टपालाने मात्रामापक पाठवून तपासणी करण्याची योजना 1969 पासून चालू आहे.

इलेक्ट्रॉनना वेग देऊन उपचाराचे किरण निर्माण करणाऱ्या रेखीय प्रवेगकावरील, म्हणजेच ‘लिनॅक’वरील, आधुनिक उपचारात नियोजनाचे काम फार वाढले आहे. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात साठ ते सत्तर ग्रे मात्रा रोज साधारण दोन ग्रे अशा हप्त्यांनी दिली जाते. डॉक्टर सीटी स्कॅनवर अर्बुदाची आणि मज्जारज्जू, लाळग्रंथी अशा जपायच्या अवयवांची रेखाटणी करतो. शलाका, म्हणजे किरणांचे झोत, किती, कोणत्या कोनातून आणि कोणत्या आकाराच्या, हे भौतिकतज्ज्ञ संगणकावर बसवतो. गुंतागुंतीची योजना रुग्णावर वापरण्याआधी ती मापनसाधनांच्या संचावर चालवून पाहिली जाते. यंत्राची रोजची तपासणी सकाळी पहिला रुग्ण आत येण्यापूर्वी उरकावी लागते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात इरिडियम-192चा छोटा स्रोत नळीवाटे शरीरात नेऊन जवळून उपचार करतात. त्याचा अर्धायुकाल सुमारे 74 दिवस असल्याने स्रोत वर्षातून अनेकदा बदलावा लागतो आणि प्रत्येक नव्या स्रोताची तीव्रता पुरवठादाराच्या दाखल्यावर न विसंबता स्वतः मोजून घेण्याचा दंडक आहे. अणुवैद्यकात, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य शरीरात देऊन निदान किंवा उपचार करणाऱ्या शाखेत, थायरॉइडच्या कर्करोगासाठी आयोडीन-131 दिलेल्या रुग्णाची स्वतंत्र खोली आणि त्याचे मूत्र साठवण्याच्या टाक्या यांचा हिशेब भौतिकतज्ज्ञ पाहतो. निदानविभागात सीटी आणि मॅमोग्राफी यंत्रांची प्रतिमा व मात्रा तपासण्यात त्याचा सहभाग असतो, मात्र भारतातील बहुतेक रुग्णालयांत ही बाजू किरणोपचाराच्या तुलनेने दुर्लक्षित आहे.

भारतात या क्षेत्राचे नियमन 1983 मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ करते. 2004 च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनुसार रुग्णालयाला मंडळाने मान्य केलेला किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. खोलीच्या काँक्रीट भिंतींची जाडी, जी मुख्य शलाकेच्या दिशेने दोन मीटरहून अधिक असू शकते, दारावरचे सुरक्षा-कुलूप, कर्मचाऱ्यांना मिळालेली मात्रा नोंदवणारे टीएलडी बिल्ले आणि वापरून झालेल्या स्रोतांची पाठवणी या बाबी त्याच्या अखत्यारीत येतात. कर्मचाऱ्यांसाठी मात्रेची मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट (सीव्हर्ट हे शरीरावरील परिणाम धरून मोजलेल्या मात्रेचे एकक), तर कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसीव्हर्ट आहे. किरणोपचार विभागात सुरक्षा अधिकाऱ्याचे हे पद बहुधा तेथील भौतिकतज्ज्ञाकडेच असते. त्यामुळे लहान केंद्रांत योजना करणारा, ती तपासणारा आणि यंत्र थांबवण्याचा सल्ला देणारा माणूस एकच असतो, आणि प्रतीक्षायादी लांबलेली असताना व्यवस्थापनाला तो सल्ला देणे सोपे नसते.