सुट्टीनंतर वसतिगृहाचा बायोगॅस का बसतो?

उच्चशिक्षण संस्थांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात पर्यावरणाचे प्रश्न असल्याने खासगी विद्यापीठांत मेसच्या खरकट्यावर चालणारा बायोगॅस प्रकल्प हौसेने उभा राहतो. त्याचा खरा कस लागतो दिवाळीच्या सुट्टीनंतर.

टाकीत दोन मुख्य गट असतात. आम्ल तयार करणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात; ते आम्ल खाऊन मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना त्यासाठी कित्येक दिवस लागतात. सुट्टीत दोघेही उपाशी राहतात. मेस सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी सगळं खरकटं ओतलं, की पहिला गट सावरतो, दुसरा मागे पडतो आणि आम्ल साचतं.

गंमत पुढे आहे. टाकीतलं बायकार्बोनेट हे आम्ल गिळत राहतं, त्यामुळे सामू (पीएच) ७ च्या आसपासच दिसतो. बायकार्बोनेट संपत आलं की तो भराभर ६.५ च्या खाली घसरतो. म्हणजे सामूपट्टी बोलते तेव्हा उशीर झालेला असतो. त्याऐवजी गाळलेल्या २० मिली नमुन्यात ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल थेंबथेंब सोडा. सामू ५ वर यायला लागलेले मिली गुणिले २५० ही क्षारता, म्हणजे टाकीची आम्ल गिळण्याची ताकद. पुढे ४.४ पर्यंत लागलेले मिली गुणिले १.६६, वजा ०.१५, गुणिले ५०० हे आम्ल. आम्ल भागिले क्षारता ०.४ च्या वर गेली की खरकटं कमी करा. सुट्टीनंतर पाव भागाने सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत पूर्ण मात्रेवर या. टाकी आंबलीच तर खरकटं थांबवा, खायचा सोडा थोडाथोडा घाला, ताजा शेणकाला द्या. चुना एकदम ओतला तर तो कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि वायूचा दाब पडतो. 'चमत्कारी जिवाणू पावडर'च्या पुड्यांवर पैसे घालवू नका. शेणात हे सूक्ष्मजीव असतातच.

यातलं बरंचसं टाकी सांभाळणाऱ्या माणसाला वासावरून, फेसावरून, शेगडीची ज्योत उडायला लागली की कळतं. व्यवस्थापनशास्त्रात इकुजिरो नोनाका यांनी अशा अव्यक्त ज्ञानाला संस्थेची मोठी पुंजी मानलं. कंत्राट बदललं की ही पुंजी त्या माणसाबरोबर फाटकाबाहेर जाते. नोंदवही हवीच: किती किलो खरकटं, वायूमापकाचा आकडा, वरचं गुणोत्तर, आणि 'आज काय वेगळं दिसलं' असा मोकळा रकाना.

पण वाईट आकडा लिहिला म्हणून बोलणी बसत असतील, तर वहीत रोज तोच चांगला आकडा दिसेल. आकड्यात तीळमात्र फरक नसलेली वही बघितली की आधी चौकशी माणसाची नव्हे, वरिष्ठांच्या वागण्याची करावी. मोजणीचं काम रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात बसवता येतं: ब्युरेट, सामूमापक, आम्ल तिथे असतंच, आणि दर वर्षी नवी तुकडी जुन्या तुकडीकडून शिकते.