तळघरातलं पाणी: झिरपलं की उलटं आलं?

तळघरात पाणी दिसलं की नागपुरात पहिला फोन वॉटरप्रूफिंगवाल्याला जातो. तो भिंतीला रसायन फासतो, पैसे घेतो. पुढच्या पावसात पाणी परत हजर, कारण बरेचदा ते भिंतीतून आलेलंच नसतं.

झिरपलेलं पाणी सगळ्यांच्या ओळखीचं आहे. काळी माती पाणी धरून ठेवते; मग भिंत आणि फरशीच्या सांध्यात ओल फुटते, प्लास्टरवर पांढरे क्षार येतात, पाऊस थांबल्यावरही पाझर चालूच. हे पाणी बाहेरूनच अडवायचं, अंगणाचा उतार घरापासून दूर काढायचा. आतून लेप देणं म्हणजे पैसे पाण्यात. (२३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात नागपुरातल्या अंबाझरी लेआउटमध्ये पाणी सरळ रस्त्यावरून घरात शिरलं. त्याची गोष्टच वेगळी.)

गडरलाइन, म्हणजे सांडपाण्याची जमिनीखालची लाइन, उलटते ती मात्र नहाणीच्या जाळीतून नाहीतर खालच्या कमोडमधून. गोंधळ होतो कारण तीही ऐन पावसातच उलटते. काऊन? तर गच्चीचे पाइप लोकांनी बिनदिक्कत गडरच्या चेंबरात सोडलेले असतात. लाइन भरली की पाणी सगळ्यात खालचं तोंड शोधतं. वासावर जाऊ नका, रस्त्यावरून शिरलेलं नाल्याचं पाणीही तेवढंच घाण येतं.

घरातले सगळे नळ बंद करा आणि कंपाउंडजवळचं शेवटचं चेंबर उघडा. काठोकाठ भरलंय? मग लाइन पुढे तुंबली आहे. महापालिकेत तक्रार करा, प्लंबरला पैसे देऊ नका. चेंबर रिकामं आणि जाळीवर पाणी? मग चोकअप तुमच्याच पाइपात. अशा घरात वर कोणी आंघोळ केली की खाली पाणी चढतं, उन्हाळ्यातसुद्धा. मधलं चेंबर उघडून चोकअप काढायची लवचिक पट्टी घाला. ॲसिड ओतू नका, पाइपात अडकलेली चिंधी त्याने विरघळत नाही.

'नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावून टाका' हा सल्ला अर्धाच. (हा व्हॉल्व्ह म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी, पण परत आत येऊ न देणारी झडप.) पूर्ण घराच्या लाइनीवर लावला, तर बाहेरचं पाणी अडतं खरं, पण झडप बंद असताना वरच्या मजल्यांचं सांडपाणी तुमच्याच तळघरात उतरतं. तो फक्त तळघरातून निघणाऱ्या पाइपाच्या फांदीवर हवा. वरच्या मजल्यांची लाइन त्याच्या पुढे, रस्त्याच्या बाजूला जोडलेली असावी. आणि त्यावर उघडता येईल असं झाकण ठेवायला सांगा. मिस्त्री फरशीखाली गाडून मोकळे होतात, मग झडपेत अडकलेला केसांचा गुंता काढायला फरशी फोडावी लागते.