बेंबी बाहेर आली म्हणजे डॉक्टरने नाळ चुकीची कापली? नाही हो!

"नाळ नीट कापली नाही म्हणून बाळाची बेंबी अशी बाहेर आलीये" हे वर्षानुवर्षं ऐकतोय आपण, आणि उगाच डॉक्टरला नाहीतर नर्सला बोल लावला जातो. पण कापण्याच्या किंवा क्लॅम्प लावण्याच्या पद्धतीचा बेंबीच्या शेपशी काहीच संबंध नाही.

होतं काय, की जन्मानंतर नाळ क्लॅम्प करून कापतात तेव्हा पोटाला दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा राहतो, त्यात दोन धमन्या, एक शीर आणि जेलीसारखा चिकट भाग असतो, वेदना जाणवणाऱ्या नसा (नर्व्ह्ज) नसतातच त्यामुळे कापताना बाळाला दुखत नाही. हा तुकडा सुकतो, काळा पडतो आणि साधारण एक ते तीन आठवड्यांत आपोआप गळून पडतो. म्हणजे डॉक्टरने जिथे कापलं तो भागच राहत नाही! मागे उरतो तो व्रण, तीच बेंबी. तो आत ओढला जाणार की वर राहणार हे त्या जागी किती टिश्यू तयार होतो आणि पोटाची भिंत कशी जुळते यावर ठरतं.

कधीकधी बाहेर आलेली बेंबी म्हणजे छोटा हर्निया असतो, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या फटीतून आतला भाग बाहेर डोकावतो, आणि बाळ रडलं की तो फुगतो. बहुतेक वेळा तो चार-पाच वर्षांपर्यंत आपला आपण बंद होतो, त्यावर पट्टी बांधून दाबून ठेवू नका प्लीज, त्याने फायदा नाही आणि त्वचेला इन्फेक्शन होऊ शकतं. मात्र फुगवटा कडक झाला, रंग बदलला, बाळ उलट्या करायला लागलं तर लगेच डॉक्टरकडे न्या.