भाजल्यानंतरचे मानसिक समायोजन : तरुण रुग्ण, इंदूरच्या संदर्भात

भाजल्याच्या जखमा भरल्यावर बदललेले शरीर घेऊन शाळा, मैत्री, नोकरी आणि लग्नाच्या जगात पुन्हा वावरू लागण्याची ही प्रक्रिया. अपघात पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, झोप उडणे, गॅस पेटवायलाही हात न धजणे हे सुरुवातीला बहुतेकांना होते. महिन्याहून जास्त टिकले, तर मानसोपचार घ्यावेत.

व्रण जितका मोठा तितका माणूस खचतो, हा समज अभ्यासांत टिकलेला नाही. भाजलेल्या भागाच्या टक्केवारीपेक्षा घरचा आधार, आधीची मनःस्थिती आणि लोकांच्या नजरेला तोंड देण्याची तयारी यांचा प्रभाव जास्त दिसतो. कपड्यांखाली दडलेला लहानसा व्रणही सतत लपवावा लागल्याने जीव खातो. ब्रिटनमधील जेम्स पार्ट्रिज १९७० मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी, मोटारीच्या आगीत भाजले. त्यांनी १९९२ मध्ये ‘चेंजिंग फेसेस’ ही संस्था काढली आणि अनोळखी माणसाशी बोलण्याची सुरुवात आपणच करावी, हे कौशल्य शिकवण्यावर भर दिला.

इंदुरात एम. वाय. रुग्णालयातून घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू होते. व्रण सपाट राहावेत म्हणून घट्ट दाबाचे कपडे दिवसाचे जवळजवळ २३ तास, वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ घालावे लागतात. मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला की खाज असह्य होते आणि मुलगा ते काढून फेकतो. त्याला हट्टी ठरवणे अन्यायाचे आहे. नव्या त्वचेला ऊन सोसत नाही, म्हणून रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूकही चुकते, आणि राजवाड्याकडे निघालेले मित्र हाक न मारताच पुढे जातात.

मराठी घरांत माया असते, पण तीच कधी आड येते. आरसा काढून ठेवणे, हळदीकुंकवाला मुलीला न नेणे, तिच्यादेखत ‘आता हिचं लग्न कसं व्हायचं?’ म्हणणे, यातून ती स्वतःला लपवण्याजोगी समजू लागते. त्यापेक्षा उत्तराची तालीम घरीच करावी. वर्गात ‘क्या हुआ?’ हा प्रश्न येणारच. ‘सिलेंडर से जल गई थी, अब ठीक हूँ’ एवढे म्हणून विषय बदलता येतो. मूल परतण्यापूर्वी शिक्षकांनी, त्याच्या संमतीने, वर्गाशी बोलून घेतल्यास टोमणे कमी होतात.

‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठी व हिंदीत मोफत समुपदेशन मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिडहल्ल्याच्या पीडितांचा स्वतंत्र उल्लेख आहे. स्टोव्हने किंवा फटाक्याने चेहरा भाजलेल्यांचा तसा नाही, ही मोठीच उणीव आहे.