‘परीक्षेत आणू नको’ की ‘मोहात पडू देऊ नको’? एका ओळीची पार्श्वभूमी

राखेचा बुधवार, शुक्रवारी मांस वर्ज्य, ईस्टरनंतर ढकललेली लग्ने, हे ख्रिस्ती घरांना नव्याने सांगायला नको. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या त्या चाळीस दिवसांत, आणि एरवीही, रोज म्हटल्या जाणाऱ्या प्रभूच्या प्रार्थनेत एक ओळ मात्र अशी आहे की तिच्यावर मराठी ख्रिस्ती माणसांचे अजून जुळलेले नाही. प्रॉटेस्टंट मंडळी म्हणतात, ‘आम्हांला परीक्षेत आणू नको’. कॅथलिक म्हणतात, ‘आम्हांला मोहात पडू देऊ नको’. माझी आई नगरकडची प्रॉटेस्टंट, वडील वसईचे कॅथलिक. संध्याकाळची प्रार्थना एका सुरात सुरू व्हायची आणि या ओळीला दोघांच्या गाड्या रूळ बदलायच्या. दहावीच्या वर्षी मी आईची ओळ जरा जास्तच मोठ्याने म्हणत असे. वडील खाली मान घालून हसू दाबायचे.

या घोळाचे मूळ ग्रीकमध्ये आहे. तिथला ‘पेइरास्मोस’ हा शब्द कसोटीलाही चालतो आणि भुरळ घालण्यालाही. लॅटिन शब्दातही दोन्ही छटा टिकल्या. मराठीत तसा एक शब्द नाही, निवड करावीच लागते. नेहमीच्या वापरातल्या मराठी बायबलने बहुतेक ठिकाणी ‘परीक्षा’ निवडली. इतकी, की अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिलेल्या येशूला धोंड्यांच्या भाकरी करायला सांगणारा सैतान तिथे ‘परीक्षक’ म्हणून येतो. याकोबाच्या पत्रात मात्र भाषांतरकारांचा हात थबकलेला दिसतो. कोणाची परीक्षा होत असता ‘देवाने मला मोहात घातले’ असे त्याने म्हणू नये, असे ते वाक्य. मुळात एकच क्रियापद, मराठीत एकाच वाक्यात दोन शब्द. दुसरे काही करणे शक्यही नव्हते. ‘देव कोणाची परीक्षा घेत नाही’ असे लिहिले असते तर, मुलाचा बळी मागून देवाने ज्याची परीक्षा घेतली त्या अब्राहामाचे काय करायचे?

मराठी नवा करार बंगालमधल्या श्रीरामपूरला १८११ साली मोडी लिपीत छापला गेला, त्यानंतर मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी आपली भाषांतरे काढली. पुढे केडगावच्या एका विदुषीने मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणले. ते तिच्या मृत्यूनंतर १९२४ साली पूर्ण छापून झाले. जुन्या भाषांतरांतले काही शब्द हिंदू तत्त्वज्ञानाचा वास घेऊन येतात, ही तिची तक्रार होती. ‘मोह’ या शब्दाला ती तक्रार सरळ लागू पडते. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर ही यादी मराठी कानात आधीपासून बसलेली, आणि त्या यादीतला मोह म्हणजे बुद्धीवरची भूल. ख्रिस्ती परंपरेलाही आपली यादी होती. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या एका संन्याशाने आठ दुर्विचार मोजले, सहाव्या शतकाच्या अखेरीस एका पोपने त्यांची सात पातके केली. पण प्रार्थनेतली ओळ त्यांपैकी कुठल्याच यादीची नाही.

कॅथलिकांचा ‘पडू देऊ नको’ कुठून आला? लॅटिनमध्ये ‘आत नेऊ नको’ असेच आहे. पोर्तुगीज प्रार्थनेत मात्र ‘पडू देऊ नको’ असे म्हणतात, कोकणीतही ‘पडूंक दिनाका’. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगिजांकडे होती. हा नुसता योगायोग असेल असे मला वाटत नाही.

२०१७ मध्ये हीच ओळ जगभर गाजली. त्या वर्षीच्या ३ डिसेंबरपासून फ्रान्समधल्या कॅथलिकांनी ‘आम्हांला मोहात शिरू देऊ नको’ असे म्हणायला सुरुवात केली. त्याच सुमारास तेव्हाचे पोप फ्रान्सिस यांनी एका मुलाखतीत, बाप लेकराला ढकलत नाही, ते काम सैतानाचे, अशा अर्थाचे बोलून जुन्या शब्दरचनेवर बोट ठेवले. जर्मन बिशपांनी दोन महिन्यांच्या आतच बदलाला नकार दिला. इटलीत २०२० च्या नव्या मिस्सा ग्रंथात ‘आम्हांला मोहाच्या हवाली करू नको’ आले. वडिलांच्या बाजूच्या नातेवाइकांना यात नवल वाटले नाही. आम्ही हेच म्हणत आलोय की, एवढीच प्रतिक्रिया.

जर्मनांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘आणणे’ असाच आहे, आणि परीक्षा व्हावी म्हणून येशूला अरण्यात नेणारा पवित्र आत्माच होता. ‘परीक्षा’ म्हटले की माणूस कसाला लागतो, ‘मोह’ म्हटले की वस्तूंची यादी सुरू होते. उपदेशांतून ती यादी आपण ऐकलेली आहे: आधी तमाशा आणि दारू, मग सिनेमा, आता मोबाइल. योहानाच्या पहिल्या पत्रात जगातल्या तीन गोष्टी सांगितल्यात, देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि ‘संसाराविषयीची फुशारकी’. तिसरीत मराठीने कमाल केली आहे. तिथे ग्रीकमध्ये ‘जग’ नाही, जगणे किंवा चरितार्थ अशा अर्थाचा शब्द आहे, आणि ‘संसार’ म्हटल्याबरोबर फ्लॅट, फ्रीज, मुलीच्या लग्नातला मंडप असे सगळे डोळ्यांपुढे येते. उपदेशांत मात्र पहिल्या दोन वासनांवर जितका वेळ जातो तितका हिच्यावर गेलेला मी ऐकला नाही.

जानेवारीत १८ ते २५ तारखांना ख्रिस्ती पंथांच्या ऐक्यासाठी एकत्र प्रार्थना होतात. मी गेलो आहे अशा सभांत ती ओळ आली की आवाज खाली येतो, जो तो आपापले पुटपुटतो, आणि ‘आमेन’ला पुन्हा सगळे एकदम.