टायटल्सचा धंदा आणि देवनागरी अक्षर: पार्श्वभूमी

चित्रपटाच्या सुरुवातीला नावे येतात त्या दीड-दोन मिनिटांना मराठीत श्रेयनामावली म्हणतात. धंद्यात मात्र ‘टायटल्स’ हाच शब्द चालतो. नागपुरातून उपयोजित कला शिकून या कामाकडे वळणाऱ्यांना सॉफ्टवेअर कोणते घ्यायचे हे सहज कळते. पण यातले निम्मे नियम सॉफ्टवेअरच्या आधीचे आहेत, आणि मराठी टायटल्सच्या बहुतेक चुका अक्षराशी येऊन थांबतात. त्यामुळे ही गोष्ट रंगाऱ्याच्या ब्रशपासून सांगावी लागते.

1913 साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला तेव्हा पडद्यावरच्या पाट्यांचे काम नावे देण्यापुरते नव्हते. मूकपटाची अर्धी गोष्ट त्याच सांगत. फाळके मुळात छपाई आणि लिथोग्राफी जाणणारे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवून सिनेमात आले आणि स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरेही त्यांनी रंगवली. 1929 मध्ये कोल्हापुरात निघालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या बोधचिन्हातली तुतारी आजही नाव न वाचता ओळखू येते. म्हणजे आपल्याकडचे पहिले टायटल कलावंत पेंटरच होते.

नागपूरला निर्मिती आली नाही, वितरण आले. सीपी-बेरार (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) हे नाव प्रांत गेल्यावरही चित्रपट वितरणाच्या नकाशावर टिकून आहे. प्रिंट डब्यांतून यायच्या आणि इथल्या पेंटरच्या वाट्याला टायटल्स नव्हे, तर सीताबर्डी-सदरच्या टॉकीजवरचे बॅनर यायचे. छोट्या चित्रावर चौकोन आखायचे, तेवढेच चौकोन मोठ्या कापडावर आखायचे आणि एकेक चौकोन उतरवायचा. 1956 पर्यंत द्विभाषिक प्रांताची राजधानी असलेल्या या शहरात पेंटरला ‘ल’ आणि ‘श’ दोन-दोन तऱ्हेने काढता येणे भाग होते, मराठी वळणाचा वेगळा आणि हिंदी वळणाचा वेगळा. या दोन वळणांकडे पुढे परत यावे लागेल.

बोलपटांच्या काळात टायटल करणे म्हणजे काळ्या कार्डावर पांढऱ्या पोस्टर कलरने नाव लिहून ते उभ्या स्टँडवरच्या कॅमेऱ्याखाली एकेक फ्रेम शूट करणे. 35 मिलिमीटरच्या एका फुटात 16 फ्रेम बसतात आणि सेकंदाला 24 फ्रेम धावतात, म्हणून मिनिटाला 90 फूट. तीन सेकंदांचे कार्ड साडेचार फुटांचे. नाव न घाईने दोनदा वाचून होईल इतका वेळ ते टिकले पाहिजे, हा हिशेब अजून बदललेला नाही.

चालत्या दृश्यावर नावे हवी असली तर काम ऑप्टिकलला, म्हणजे दृश्य आणि नावे एकाच फिल्मवर छापून घ्यायला जाई. मूळ निगेटिव्हवरून नवी निगेटिव्ह काढताना चित्राचा दाणा वाढतो आणि रंग किंचित मळतो. जुने चित्रपट नीट पाहा: शेवटचे नाव गेल्यावर पुढच्या कटला चित्र एकदम स्वच्छ होते. तो दोष प्रोजेक्टरचा नाही, तिथे ऑप्टिकलचा तुकडा संपलेला असतो. कापडावर, रंगीत कागदावर किंवा चित्रांवर नावे घेतली की हा खर्चही वाचे आणि मळकटपणाही.

टायटल्स हे स्वतंत्र कलाकाम आहे हे जगाला पटवले ते अमेरिकेच्या सॉल बास यांनी. 1955 च्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’च्या डब्यांवर प्रोजेक्शनवाल्यांसाठी सूचना गेली होती की टायटल्सच्या आधी पडदा उघडा. तोवर नावे बंद पडद्यावरच उमटून जात! आपल्याकडे सत्यजित राय स्वतःच्या टायटल्सची अक्षरे स्वतः काढत; सरकारी फिल्म्स डिव्हिजनमध्ये घडलेल्या राम मोहन यांचे अॅनिमेशन ‘भुवन शोम’मध्ये (1969) दिसते. मराठीत अक्षराला चेहरा देण्याचे मोठे काम कमल शेडगे यांनी केले, तेही आधी नाटकांच्या जाहिरातींत. मराठी टायटल्स शिकणाऱ्याने परदेशी नमुन्यांच्या आधी त्या जाहिराती पाहाव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झाले आणि अक्षरापुढे नवीच अडचण उभी राहिली. 625 ओळींचे चित्र एकाआड एक ओळ घेऊन सेकंदाला 50 अर्ध्या चित्रांत दाखवले जाई. शिरोरेखा एकाच ओळीइतकी बारीक असली तर ती दर दुसऱ्या अर्ध्या चित्रातच दिसे आणि थरथरे. रोमन अक्षराला इतकी लांब आडवी रेघ नसते, म्हणून बाहेरच्या पुस्तकांत या थरथरीवर फारसे सापडत नाही. उपाय साधा: रेघ दोन-तीन ओळींइतकी जाड करायची आणि तिला उभ्या दिशेने किंचित धूसर करायचे. शिवाय घरच्या टीव्हीत कडा कापल्या जात, म्हणून अक्षरे मधल्या 80 टक्क्यांत ठेवायची. ‘मालगुडी डेज’ने आर. के. लक्ष्मण यांच्या रेखाचित्रांवर टायटल्स उभी केली, तीही याच मर्यादेत.

1999 मध्ये अल्फा मराठी (आताची झी मराठी) ही वाहिनी आल्यावर मालिकांच्या शीर्षकगीतांचा काळ आला आणि टायटल्सना पुरेसा वेळ मिळू लागला. तो वेळ पुढे आटत गेला. नेटफ्लिक्सने 2017 मध्ये प्रस्तावना वगळण्याचे बटण दिल्यावर पहिल्या तीन-चार सेकंदांतच प्रेक्षकाला धरणे आले.

संगणकाची वाट 1993 मध्ये आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरने उघडली. गंमत अशी की 1995 मधली काइल कूपर यांची ‘सेव्हन’ची गाजलेली टायटल्स बरीचशी हातानेच, फिल्म खरवडून केलेली होती, त्यांची नक्कल मात्र पुढे सगळ्यांनी संगणकावर केली.

देवनागरीला संगणकाचा खरा फटका इथेच बसला. युनिकोडपूर्व फाँटमध्ये वेलांटी, काना, अर्धी अक्षरे हे सगळे सुटे तुकडे असत. अक्षरे एकेक करून आत आणायचा आदेश दिला की ऱ्हस्व वेलांटी आधी येई आणि अक्षर मागून. युनिकोडमध्ये सॉफ्टवेअरचे टेक्स्ट इंजिन (अक्षरांची जुळणी करणारा भाग) दक्षिण आशियाई लिपींचे निवडले नाही तर वेलांटी चुकीच्या बाजूला बसते आणि जोडाक्षर फुटते. अक्षरांतले अंतर वाढवले की शिरोरेखा तुटते. अक्षराला बाह्यरेषा दिली तर प्रत्येक जोडावर उभी रेघ दिसते, कारण फाँटमध्ये शेजारची अक्षरे शिरोरेखेवर एकमेकांत थोडी घुसलेली असतात. म्हणून नाव आधी आकारात बदलायचे, सगळे आकार एकत्र जोडायचे आणि मगच बाह्यरेषा द्यायची. अक्षरे सुटी हलवायची असतील तर शिरोरेखा वेगळ्या लेयरवर काढायची.

आणि तो दोन तऱ्हेचा ‘ल’. महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या निर्णयात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ प्रमाण ठरले. बऱ्याच युनिकोड फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितले नाही तर हिंदी वळण उमटते. मराठी चित्रपटात हिंदी ‘ल’ दिसला की काम कुणी घाईत केले ते कळते.

शेवटच्या रोलचा, म्हणजे चित्रपटाअखेर वर सरकत जाणाऱ्या नावांच्या यादीचा हिशेब कुणी आधी करत नाही, म्हणून तो हमखास थरथरतो. रोल दर फ्रेमला पूर्ण पिक्सेलच सरकला पाहिजे. 300 ओळी, प्रत्येकी 60 पिक्सेल, पडदा 1080 उंच आणि वेग फ्रेमला 4 पिक्सेल धरला तर 4,770 फ्रेम लागतात, म्हणजे जवळपास 3 मिनिटे 19 सेकंद. निर्माता म्हणतो तीनच मिनिटे द्या. मग वेग साडेचारच्या आसपास करू नये. ओळीची उंची 54 करावी, रोल बरोबर 4,320 फ्रेममध्ये बसतो. सेकंदाला 25 फ्रेमने केलेला रोल 24 च्या टाइमलाइनवर टाकला तर दर सेकंदाला एक फ्रेम गळते आणि एक झटका दिसतो.

काम देताना तीन गोष्टी जातात: नावांसह फाइल, नावांशिवाय स्वच्छ चित्राची फाइल आणि पारदर्शक पार्श्वभूमीवरची नुसती अक्षरे. पांढऱ्या अक्षरांभोवती काळी किनार दिसली तर तिसऱ्या फाइलची पारदर्शकता एडिटरकडे चुकीच्या तऱ्हेने वाचली गेली आहे, अक्षरे नव्याने करायची गरज नाही.

टीव्ही मालिकांची शीर्षके भारतीय भाषांतही दाखवा, असा केंद्राचा आदेश जून 2019 मध्ये आला. आता सगळ्या फाइली नेटवरून जातात, त्यामुळे हे काम नागपूरच्या धरमपेठेत बसूनही होते. पण पहिली दोन-तीन वर्षे मुंबई-पुण्याच्या एडिटरजवळ काढलेली बरी, कारण कामे तिकडून येतात. सुरुवातीला सहसा शेवटचा रोलच हाती येतो. नावांची यादी युनिकोडमध्येच मागावी, फोटो काढून पाठवलेली नव्हे, आणि प्रॉडक्शनकडून लेखी मंजुरी आल्याशिवाय रेंडर (अंतिम फाइल तयार करणे) लावू नये. जुन्या फाँटमधून आलेल्या यादीत ‘ऱ्हाटे’ किंवा ‘कुऱ्हाडे’सारखी नावे हमखास बिघडतात, ती आधी तपासावीत.