द सायरन्स अँड युलिसीस

इंग्रज चित्रकार विल्यम एटी (१७८७–१८४९) याचे १८३७ मधील तैलचित्र. आकार सुमारे २९७ × ४४२ सेंमी.; एटीने याहून मोठे चित्र काढले नाही. ते मँचेस्टर आर्ट गॅलरीत आहे.

विषय प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यातील बाराव्या सर्गाचा. सायरन म्हणजे गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या ग्रीक पुराणकथांतील मोहिन्या. सायरनांचे गाणे ऐकणारा खलाशी त्यांच्या बेटाकडे वळतो आणि तिथेच मरतो. म्हणून काव्याचा नायक युलिसीस (ओडिस्यूस) साथीदारांच्या कानांत मेण भरतो. स्वतः मात्र कान उघडे ठेवून डोलकाठीला बांधून घेतो.

सायरन म्हणजे जलपरी नव्हे. होमरच्या सायरन दोन. त्यांचे रूप तो सांगत नाही, पण ग्रीक भांड्यांवर त्यांना पक्ष्याचे धड असते. त्यांचे आमिषही ज्ञानाचे: ट्रॉयच्या युद्धात काय काय घडले ते आम्ही जाणतो, असे त्या गातात. गाणे काही रंगवता येत नाही. एटीने मोह कानावरून डोळ्यांवर आणला आणि तीन विवस्त्र तरुणी रंगवल्या. तिघी इतक्या सारख्या दिसतात, की एकाच मॉडेलवरून काढल्या असाव्यात. भोवतीच्या कुजत्या प्रेतांसाठी त्याने शवागारात जाऊन रेखाटने केली. होमरनेही तिथे सडत्या माणसांच्या हाडांचा ढीग सांगितला आहे, तरी देहसौंदर्याला खेटून आलेली ही प्रेते काही समीक्षकांना किळसवाणी वाटली. मागच्या गलबतावर दोरांशी झटणारा युलिसीस साथीदारांपेक्षा आकाराने मोठा दिसतो.

चित्राचा घात केला तो सरसाने. रंग धरून राहावा म्हणून एटीने कडक सरस वापरला. असा सरस सुकला की ठिसूळ होतो. कॅनव्हास मात्र हवेतल्या दमटपणाबरोबर ताणतो, सैलावतो. एवढ्या मोठ्या कापडावर त्याचा व्हायचा तो परिणाम झाला आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागले. १८५७ च्या मँचेस्टरमधील कलाप्रदर्शनानंतर चित्र कोठारात गेले, ते जवळजवळ दीडशे वर्षे. विसाव्या शतकातील डागडुजीने नुकसान वाढलेच.

२००३ मध्ये जीर्णोद्धार सुरू झाला. चित्र स्वच्छ करून मागून कॅनव्हासचे दुहेरी अस्तर लावले. रंग उडालेल्या जागी माशाचा सरस आणि खडूची भुकटी यांचे मिश्रण भरून पृष्ठभागाचा मूळ पोत साधला. २००६ पासून बरेचसे काम प्रेक्षकांसमोरच चालले. २०१० मध्ये चित्र पुन्हा दालनात लागले.